खोडलेलं शून्य

डॉक्टरांनी बाईंच्या उजव्या गालात कापसाचे दोन बोळे कोंबले, लाळ ओढून घेणारी नळी ओठाच्या कोपऱ्यात अडकवली, वरचा दिवा खाली ओढला आणि म्हणाले, "आता अजिबात बोलायचं नाही, काकू. दुखलं तर फक्त डावा हात वर करा. मी लगेच थांबेन."

बाईंना त्यातलं 'काकू' सगळ्यात जास्त दुखलं. पण हात वर करण्याइतकं नाही.

बाई शाळेत गणित शिकवत. त्यांच्या आवाजाचा धाक असा, की त्या एका वर्गात ओरडल्या की शेजारचे दोन वर्गही आपोआप गप्प बसत. दाढ दुखायला लागून बरेच महिने झाले होते. पण दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की त्यांना नेमके पेपर तपासायचे असत. तोवर त्या डाव्या बाजूने जेवत होत्या. आज मात्र फळ्यावर लिहिता लिहिता अशी कळ आली की खडू हातातून सुटला, आणि वर्ग हसला. वर्ग हसला! शाळा सुटल्यावर घराच्या वाटेवर दातांची पहिली पाटी दिसली, तिथे त्या शिरल्या. मदतनीस ताईंना नाव सांगितलं, दाढ दाखवली आणि डोळे मिटून खुर्चीत आडव्या झाल्या. त्यामुळे आपल्यापुढे कोण पडलंय याची डॉक्टरांना काहीच कल्पना नव्हती.

कल्पना असती तर त्यांनी मुलीचा अभ्यास निदान दार लावून घेतला असता.

खिडकीशी एक छोटं टेबल होतं. त्यावर प्लास्टरच्या जबड्यांची रांग, आणि त्या जबड्यांमध्ये जागा करून डॉक्टरांची मुलगी वही उघडून बसली होती. ती अंगाने बारकी आणि सतत काहीतरी खुडबुडणारी, म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणत. मुंगीची उद्या भागाकाराची चाचणी होती, तीही दोन अंकी भाजकाची. चाचणीत नापास होणाऱ्यांना रोज शाळा सुटल्यावर जादा तासाला बसावं लागणार होतं, आणि जादा तासाची वेळ ही फुटबॉलच्या सरावाची वेळ होती. मुंगी संघात गोलरक्षक होती. फार धडपडून झाली होती.

एरवी अभ्यास आई घ्यायची. पण ती कामासाठी परगावी गेली होती आणि जाताना म्हणाली होती, "शेजारच्या ताईकडे पाठवू का हिला?" त्यावर डॉक्टर म्हणाले होते, "भागाकारच आहे ना? त्यात काय आहे! दवाखान्यात बसता बसता घेतो."

"हं, मुंगी, वाच पुढचं," दाढेत मशीन घालता घालता डॉक्टर म्हणाले.

"चार हजार सहाशे ब्याण्णव भागिले तेवीस."

"सोपं आहे. शेहेचाळीसात तेवीस किती वेळा?"

"दोनदा."

"शाब्बास. तोंड अजून मोठं, काकू. आता नऊ खाली घे. नवात तेवीस जातात?"

"नाही."

"मग पुढचा दोनही घे. ब्याण्णव. तेवीस चोक ब्याण्णव. संपलं! दोन आणि चार. चोवीस."

मशीन घरघरत होती. बाईंचे मिटलेले डोळे उघडले.

"मला दोनशे चार आलं होतं," मुंगी हळूच म्हणाली.

"मध्ये शून्य कुठून आणलंस?"

"नवाला भाग गेला नाही ना, म्हणून..."

"नाही ना गेला? मग जे गेलंच नाही ते लिहायचं कशाला? खोड ते."

आणि बाईंना खोडरबराचा आवाज ऐकू आला. तो आवाज त्या झोपेतही ओळखतील. एका मुलीने बरोबर काढलेलं उत्तर त्यांच्यापासून चार हातांवर पुसलं जात होतं, आणि त्यांच्या तोंडात कापूस होता.

बाईंनी डावा हात वर केला.

डॉक्टर शब्दाला पक्के होते. मशीन लगेच थांबली. "दुखतंय? काळजी करू नका हं. ताई, भूल थोडी वाढवू या." बाईंनी जोरजोरात मान हलवली, पण सुई बघून मान हलवणारे पेशंट डॉक्टर रोजच बघत. त्यांनी प्रेमाने मान धरून ठेवली आणि सुई टोचली. दोन मिनिटांत बाईंचा अर्धा चेहरा परक्याचा झाला.

"आता कसं वाटतंय?"

बोलणं तर शक्यच नव्हतं. बाईंनी अंगठा आणि तर्जनी जुळवून एक ठसठशीत शून्य केलं आणि ते डॉक्टरांच्या नाकासमोर धरलं.

"बघा!" डॉक्टर खुलले. "एकदम छान वाटतंय म्हणतायत. ताई, आपल्या हाताला दुखतच नाही, सगळे पेशंट हेच म्हणतात."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मस्तकाचा डावा भागच काय तो जागा होता, त्यामुळे ती तिथे दुप्पट भडकली. मठ्ठ पोराला समजावताना जो संयम ठेवावा लागतो तो ठेवून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. आधी दोन बोटं. मग शून्य. मग चार बोटं. आणि त्या बोटांनी त्यांनी खिडकीकडे, टेबलाकडे, वहीकडे खूण केली.

डॉक्टर गंभीर झाले. "दोन... छान... चार. म्हणजे दोन नंबरचा आणि चार नंबरचा दातसुद्धा?" त्यांनी दोन्ही दातांवर टकटक केलं. "इथे? की इथे? हे बघा, लपवून ठेवू नका. ताई, दोन्हींचे फोटो काढू या."

म्हणून मग ताईंनी बाईंच्या तोंडात फोटोची कडक पट्टी घातली, काढली, दुसरी घातली, आणि बाई छताकडे बघत पडून राहिल्या. टेबलापाशी मुंगी मात्र पेन्सिल चावत त्यांच्याकडेच पाहत होती.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दोनशे चार म्हणतायत."

"कोण?"

"त्या काकू. दोन, शून्य, चार."

"अगं, पेशंट आहेत त्या! कळ आली की माणूस हातपाय कसेही हलवतो. तू इकडे लक्ष देऊ नकोस. पुढचं घे."

"सात हजार आठशे सव्वीस भागिले सव्वीस."

"अठ्ठ्याहत्तरात सव्वीस तीनदा. दोनाला भाग जात नाही, सोडून दे. पुढचा सहा घे, सव्वीस. सव्वीस एके सव्वीस. एकतीस! काय अवघड आहे सांग बरं यात?"

'सोडून दे' हे शब्द ऐकले आणि बाई खुर्चीतून उठल्या.

उठल्या म्हणजे दिवा डोक्याने बाजूला सारला, नळी ओढून भांड्यात टाकली, आणि गळ्यात कागदी लाळेरं, गालात कापूस अशा अवताराने सरळ टेबलाकडे निघाल्या. नळी भांड्यात सुर्र सुर्र करत राहिली.

"काकू! काकू, कुठे चाललात? दाढ उघडी आहे तुमची!"

बाईंनी वहीवर बोट आपटलं. "शून्न!" त्या म्हणाल्या. सुजल्यासारख्या ओठांतून तेवढंच बाहेर आलं. "शून्न! शून्न!"

"सुन्न झालंय ना? होणारच. भूल दिलीय, सुन्न झालंच पाहिजे."

"शून्न!" बाई ओरडल्या. आवाज अर्धाच होता, पण अर्ध्या आवाजानेही प्लास्टरचा एक जबडा टेबलावरून खाली पडला.

"ताई, भूल डोक्यात गेली वाटतं यांच्या. रक्तदाब बघायची मशीन आणा! आणि साखरेचं पाणी!"

ताई एका हातात मशीन आणि दुसऱ्या हातात पेला घेऊन धावल्या. घाईत बाहेरचं दार उघडंच राहिलं. बाहेर गाल सुजलेले एक गृहस्थ आपली पाळी येण्याची वाट बघत बसले होते. त्यांनी उघड्या दारातून पाहिलं, तर आत लाळेरं बांधलेल्या एक बाई डॉक्टरांच्या अंगावर धावून जात होत्या.

"काय चाललंय आत?" त्यांनी ताईंना विचारलं.

"भागाकार," ताई घाईघाईत म्हणाल्या.

"तो रूट कॅनलच्या आधी करतात की नंतर?"

ताईंना उत्तर द्यायला वेळ नव्हता. गृहस्थांनी पुन्हा एकदा आत पाहिलं, गालाला हात लावून पाहिला, "आता बरंच कमी वाटतंय," असं स्वतःशीच म्हणाले आणि चपला हातात घेऊनच जिना उतरले.

डॉक्टरांनी ते पाहिलं. हातचा पेशंट गेला तसा त्यांचाही पारा चढला. "हे बघा काकू, तुम्ही आधी खुर्चीत बसा."

बाईंनी मानेनेच नाही म्हटलं. मुंगीच्या हातातली पेन्सिल त्यांनी काढून घेतली आणि वहीतल्या दोन आणि चार यांच्यामध्ये एक शून्य काढलं. चांगलं रुपयाएवढं.

"माझ्या मुलीच्या वहीत तुम्ही—"

बाईंनी एकतीसमधल्या तीन आणि एकच्या मध्येही तसंच शून्य काढलं.

"मी डॉक्टर आहे!" डॉक्टर म्हणाले. "एवढी वर्षं शिकलो. भागाकार येत नाही म्हणता मला?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

"मुंगी, तूच सांग. आपण काय शिकलो? ज्याला भाग जात नाही ते..."

पण मुंगी वहीच्या कोपऱ्यात गुणाकार करत बसली होती. "बाबा," ती म्हणाली, "चोवीस गुणिले तेवीस पाचशे बावन्न येतात. आपल्याला साडेचार हजारांच्या वर यायला हवेत."

"गुणाकार चुकला असेल."

डॉक्टरांनी हातमोजे काढले, गुणाकार स्वतः केला. पाचशे बावन्न आले. त्यांनी तो उलट क्रमाने केला, तेवीस गुणिले चोवीस. तरी पाचशे बावन्नच आले. मग खिशातून मोबाईल काढून आकडे दाबले आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिले.

"किती?" मुंगीने विचारलं.

"चार्जिंग कमी आहे याचं," डॉक्टर म्हणाले आणि मोबाईल उलटा ठेवला. ताईंनी तो सुलटा केला. त्यावर दोनशे चार होते.

खोलीत भांड्यातल्या नळीची सुर्र सुर्र तेवढी ऐकू येत होती. बाईंनी गालातले दोन्ही बोळे काढले, ते नीट कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि एकेक अक्षर ओठांवरून ढकलत म्हणाल्या, "मी. गणित. शिकवते. शाळेत."

डॉक्टरांचा हात नकळत शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला. ते उघडं होतं. त्यांनी ते लावलं.

"बसा, बाई," ते म्हणाले. काकू कुठल्या कुठे गेल्या. "तेवढी दाढ बंद करू या. उघडी ठेवणं बरं नाही."

"राहू दे उघडी. तुम्ही आधी बसा."

"मी?"

बाईंनी मुंगीशेजारचं स्टूल पायाने पुढे सरकवलं. "सात हजार आठशे सव्वीस. भागिले सव्वीस. माझ्यासमोर सोडवायचं. त्याशिवाय मी त्या खुर्चीत बसणार नाही."

"बाई, भूल उतरली ना, तर तुम्हाला ठणका सोसायचा नाही."

"सोसेन."

ताईंनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी छताकडे पाहिलं. मग गुडघे दुमडून ते त्या छोट्या स्टुलावर बसले. पेन्सिल हातात आली तसा त्यांना घाम फुटला. अठ्ठ्याहत्तरात सव्वीस तीनदा, इथवर ठीक होतं. दोन खाली आला. सवयीने त्यांनी लगेच सहाही खाली घ्यायला पेन्सिल टेकवली, तोच मागून बाई खाकरल्या.

पेन्सिल थांबली.

"दोनाला सव्वीसचा भाग जातो?" बाईंनी विचारलं.

"नाही जात."

"किती वेळा नाही जात?"

"एकदाही नाही."

"मग 'एकदाही नाही' हे लिहायचं कसं?"

डॉक्टरांनी पुन्हा त्या दोनाकडे पाहिलं. मग पेन्सिल वर गेली आणि तीनच्या शेजारी एक लहानसं, भीत भीत काढलेलं शून्य उमटलं. त्यानंतर सहा खाली आला, सव्वीस एके सव्वीस झालं.

"तीनशे एक," ते म्हणाले, आणि स्वतःच चकित होऊन त्या आकड्याकडे पाहत राहिले. "अरेच्चा. असं आहे होय ते! मला लहानपणी कोणी सांगितलंच नाही."

"सांगितलं असेल," बाई म्हणाल्या. "तुम्ही सोडून दिलं असेल."

मग त्या मुंगीकडे वळल्या. "तू आधी बरोबर लिहिलं होतंस. खोडलंस का?"

"बाबा म्हणाले म्हणून."

"तुला पटलं होतं?"

मुंगीने मान हलवली. नव्हतं पटलं.

"मग ऐक. आपलं उत्तर पडताळून पाहायचं. बरोबर निघालं की बास, मग समोर कोणी का असेना. बाबा असू देत, डॉक्टर असू देत, शाळेतले मुख्याध्यापक असू देत. खोडायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"उद्या चाचणीत भीती वाटणार नाही?"

"तुम्ही अजून एक घाला ना, बाई. माझं मी एकटीने करते."

बाईंचा जागा असलेला अर्धा चेहरा हसला. चटकन सुटणारा, मध्ये शून्य येणारा, पूर्ण भाग जाणारा भागाकार त्या उभ्या उभ्या रचू शकत. त्यांनी वही ओढली, वळणदार आकड्यांत गणित लिहिलं: ३९६६ ÷ ३७. "यात बाकी उरत नाही," त्या डॉक्टरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "कर."

मुंगी वहीवर वाकली. स्टुलावरून डॉक्टर आणि मागून ताई बघत होत्या. एकोणचाळीसात सदतीस एकदा, बाकी दोन. सहा खाली घेतला, सव्वीस. भाग जात नाही, शून्य. तिने ते मुद्दाम मोठं काढलं. पुढचा सहा घेतला आणि पेन्सिल थोडी रेंगाळली.

"एकशे सात," ती म्हणाली. "बाकी सात."

"बाकी उरत नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा बघ."

मुंगीने पुन्हा पाहिलं. खाली गुणाकार केला, त्यात सात मिळवले, वरच्या आकड्याशी बोटाने ताडून पाहिलं.

"एकशे सात, बाकी सात."

"अगं, एकशे आठ यायला हवं. मी स्वतः रचलंय गणित. शेवटचं खोड आणि नीट कर." बाईंनी खोडरबर पुढे केलं.

मुंगीने खोडरबराकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. ज्या आवाजाने दोन वर्ग गप्प होत, तो आवाज, निम्मा का होईना, तिच्यासमोर उभा होता. तिने दोन्ही हात वहीवर पालथे टाकले, गोलपुढे टाकावेत तसे.

"नाही खोडणार," ती म्हणाली.

डॉक्टर स्टुलावरच पुढे सरकले.

"मी पडताळून पाहिलंय, बाई. एकशे आठ यायला वर शहाण्णव पाहिजेत. तुम्ही सहासष्ट लिहिलेत."

बाईंनी वही हातात घेतली आणि दिव्याजवळ नेली. सहासष्टच होते. दोन सहा एकमेकांशेजारी, त्यांच्याच वळणदार अक्षरात. बाईंनी आकडा एकदा लांबून वाचला, एकदा जवळून वाचला, आणि तो काही बदलेना, तेव्हा पर्समधून लाल पेन काढून मुंगीच्या उत्तरापुढे बरोबरची मोठी खूण केली. वही त्यांनी मुंगीच्या पुढ्यात ठेवली.

मुंगीने त्या खुणेवरून हळूच बोट फिरवलं. डॉक्टरांना मात्र आनंद आवरेना.

"म्हणजे, बाई," ते स्टुलावरून उठत, अगदी आदबीने म्हणाले, "आत्ता इथे चुकलं ते नेमकं कोणाचं म्हणायचं?"

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "भूल उतरत चाललीय. तुम्ही आपलं काम बघा."

आणि त्या ताठ मानेने खुर्चीकडे गेल्या, स्वतःच दिवा खाली ओढला, मागे रेलल्या आणि पुढचा प्रश्न यायच्या आत तोंड उघडलं. इतकं मोठं, की डॉक्टरांना शेवटची दाढसुद्धा वाकून न बघता दिसली.